नावेतून उडी टाकणारा शिष्य
(योहान, अध्याय 21)



तिबिर्याच्या समुद्रावरील त्या पहाटेची गोष्ट आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे. काठावर उभा आहे तो प्रभूच, असे एका शिष्याने ओळखून सांगितले. बाकीचे शिष्य माशांनी भरलेले जाळे ओढीत नावेतून आले. परंतु पेत्राने वस्त्र अंगावर घेतले आणि पाण्यात उडी टाकली. काठ सुमारे 200 हातांवरच होता. तेवढाही धीर त्यास धरवला नाही. ह्याच पेत्राने थोड्याच दिवसांपूर्वी बागेत तरवार उपसून एका दासाचा कान कापला होता. स्वभाव एकच, एकदा त्यातून अपराध घडला, एकदा त्यातून प्रीती प्रगट झाली.

ही गोष्ट वाचताना आम्हांस आमचाच एक अपराध आठवतो. कित्येक वर्षांपूर्वी आमच्या शब्बाथशाळेत नऊ वर्षांचा एक मुलगा येत असे. त्यास एका जागी बसवत नसे. प्रश्न पुरा होण्याआधीच तो उत्तर देई, पाटी हरवी, आणि प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडून आढ्यावरच्या चिमण्या पाही. आम्ही त्यास दाराबाहेर उभे केले व त्याच्या बापास सांगितले की, ह्यास वळण नाही. पुढच्या रविवारी त्याच्या पायांवर चिंचेच्या फोकाचे वळ दिसले. मारले बापाने, पण त्यास कारण आम्हीच झालो.

अशा मुलांविषयी पूर्वी विद्वानांचाही गैरसमज होता. 1902 साली लंडन येथे डॉक्टर जॉर्ज स्टिल ह्यांनी अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी हा नैतिक संयमाचा दोष मानला. आज वैद्य असे म्हणत नाहीत. लक्ष न टिकणे व अतिचंचलता हा मेंदूच्या वाढीशी संबंध असलेला विकार होय. 1987 सालापासून त्यास जे इंग्रजी नाव आहे, त्याची आद्याक्षरे घेऊन ए.डी.एच.डी. असे म्हणतात. तो बहुतांशी वंशपरंपरेने येतो. म्हणून फोक उगारणाऱ्या बापाच्या अंगीही तो असण्याचा संभव असतो. तो भुताची बाधा नव्हे, पापाची शिक्षा नव्हे, आणि आईच्या लाडाचे फळही नव्हे. कित्येक मुली धावपळ न करता नुसत्या खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यांनाही हाच विकार असू शकतो, आणि आपण त्यांस आळशी म्हणून मोकळे होतो.

ह्या विकारात काही चांगले आहे काय? आहे, पण ते खरेपणाने सांगावयास पाहिजे. हरवलेले पैसे, अर्धवट राहिलेली कामे, तोंडातून निसटलेला शब्द, हे ओझे खरे आहे, आणि ते गोड बोलण्याने हलके होत नाही. तथापि आवडते काम मिळाले म्हणजे ह्यांपैकी पुष्कळ जण तहानभूक विसरून त्यात गढून जातात. कोठे आग लागली, कोणी पडले, तर विचार करीत न बसता धावणारेही त्यांच्यात आढळतात. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या मायकेल फेल्प्स ह्यास लहानपणीच हा विकार असल्याचे कळले. त्याची आई शिक्षिका होती. त्या मुलाने पोहण्यात 2004 ते 2016 पर्यंत ऑलिंपिकची 28 पदके मिळविली, त्यांपैकी 23 सुवर्णाची. त्याच देशाच्या सिमोन बाइल्स ह्या कसरतपटूने 2016 साली उघड सांगितले की, आपणांस लहानपणापासून हा विकार आहे, त्यावर आपण औषध घेतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रत्येक चंचल मूल पदक मिळवील असे नव्हे. पण प्रत्येकास आपले पाणी सापडावे, एवढे आपण पाहू शकतो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा मुलास एका वेळी एकच गोष्ट सांगा. धडा लहान ठेवा. हातांस काम द्या. चांगले केले की तेव्हाच शाबासकी द्या, आठवड्याने नव्हे. आईबापांनो, मुलास जाणत्या डॉक्टराकडे न्या. औषध घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे नव्हे.

आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागितली, आणि मंदिराची घंटा वाजविण्याचे व गीतांची पुस्तके वाटण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. पाटी तो पुढेही हरवीतच राहिला. पण घंटा एकाही रविवारी चुकली नाही.

पेत्र ओलाचिंब होऊन काठावर आला, तेव्हा प्रभूने त्याच्या उतावळेपणाबद्दल त्यास दटावले नाही. विस्तव पेटलेला होता, भाकर तयार होती. जेवण झाल्यावर प्रभूने त्यास तीन वेळा प्रीतीविषयीच विचारले, आणि आपली मेंढरे त्याच्या हवाली केली. ज्यास आपण दाराबाहेर उभे करतो, त्याच्यासाठी प्रभूने काय राखून ठेवले आहे, हे आपणांस कोठे ठाऊक आहे? ते दार उघडण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.