अवघड तेच खरं का?

माझा भाचा नांदेडला इंजिनिअरिंग करतो. त्याला रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घ्यायचंय, आयुष्यातलं पहिलंच. म्हणाला, ‘मामा, घ्यायचं तर नायट्रोच. इलेक्ट्रिक म्हणजे लेकरांचं खेळणं.’ वालूरला पाण्याच्या मोटारी भरण्यात माझी हयात गेली, डिझेल इंजिनंही उघडतो. मामा इंजिनाचीच बाजू घेणार, असं त्याला वाटलं असावं. पण त्याच्या बोलण्यामागचा हिशोब मला पटेना. हाच हिशोब आपण देवाधर्मातही लावतो. अनवाणी चालला त्याची वारी मोठी, निर्जळी केली तिचा उपास मोठा.

नायट्रोचं इंधन म्हणजे मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. ग्लो प्लग तापवायचा, स्टार्टरने इंजिन फिरवायचं, मग कार्ब्युरेटरची सुई बसवायची. सुई थोडी जास्त आवळली की इंधन कमी पडून इंजिन तापतं आणि जाम होतं; सैल राहिली की नुसता धूर, जोर नाही. सकाळच्या गारव्यात बसवलेली सुई दुपारच्या उन्हात चालेलच असं नाही. हे शिकण्यात मजा आहे, त्या आवाजाची आणि वासाची ओढ मला कळते. पण यात उडवणं कुठं आलं?

उडवण्याची खरी परीक्षा हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरण्यात आहे. लांबून ते उभं दिसतं, पण उभं नसतं. वरचा पंखा एकीकडे फिरतो म्हणून धड उलटं फिरू पाहतं. शेपटीचा पंखा ते अडवतो. त्यात जायरो मदत करतो, बाकी सगळं दोन अंगठ्यांवर. डावीकडे कललं म्हणून रिमोटची काडी उजवीकडे दिली, तर ते उजवीकडे पळायच्या आत पुन्हा डावीकडे द्यावी लागते. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवंच उलटं होतं, आणि नवशिक्याचं यंत्र तिथंच पडतं. ही अडचण दोन्ही यंत्रांत सारखीच.

आता देवाधर्मातला हिशोब. गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुन विचारतो, सगुणाचे भक्त श्रेष्ठ की अव्यक्ताचे उपासक? देव अव्यक्ताची वाट खोटी म्हणत नाही. देहधाऱ्याला तिच्यात क्लेश जास्त, एवढं सांगून भक्ताला जवळ करतो. सतराव्या अध्यायात तर मूढ हट्टाने स्वतःला पिडून केलेल्या तपाला तामस म्हटलंय. ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीची अवघड वाट बारकाईने सांगितली. ती ठाऊक असलेल्या माणसाने भक्तीची वाट सर्वांसाठी मोकळी केली, याचं मोल मला फार वाटतं.

कुणी म्हणेल, जनाबाईचे कष्ट कमी होते का? ती आमच्याच जिल्ह्यातली, गंगाखेडची. पण दळण-कांडण तिने साधना म्हणून निवडलं नव्हतं; वाट्याला आलं, त्यातच तिने नाम घेतलं. 1970 च्या सुमारास जर्मनीत डीटर श्लूटर यांनी रिमोटचं हेलिकॉप्टर इंजिनावर उडवलं, तेही त्या काळच्या बॅटऱ्यांत तेवढा दम नव्हता म्हणून. वाट्याला आलेले कष्ट वेगळे, मिरवायला घेतलेले वेगळे.

आमच्या गावच्या बारवेत चक्राकार पायऱ्या उतरत जातात. बांधणाऱ्याने पाणी उथळ केलं नाही, उतरणं सोपं केलं. साधन सोपं असावं ते यासाठी.

निर्जळी एकादशी करणारा माणूस बांधाच्या भांडणावरून सख्ख्या भावाशी बोलत नाही, हे मी पाहिलंय. दिवसभराची भूक तो सोसतो. भावाच्या दारात जाणं त्याला जमत नाही. त्याचा उपास खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण जे खरोखर अवघड होतं ते तसंच राहिलं, आणि उपासाच्या समाधानात ते त्याच्या ध्यानातही येत नाही. सुईशी झटण्यात महिने गेले तर भाच्याचंही तेच होईल.

इलेक्ट्रिक सोपं म्हणजे निर्धोक नव्हे, हेही त्याला बजावलं. तीन सेलचा लिथियम पॉलिमर पॅक 11.1 व्होल्टचा असतो. फुगला तर वापरू नये, चार्जिंगला लावून झोपू नये, पेटला तर आवरत नाही. फिरती पाती बोट कापू शकतात. नायट्रोतलं मेथॅनॉल तर विषच. 2015 साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं गेली ती त्यानेच.

मग ठरलं ते असं. आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. मग 450 आकाराचं इलेक्ट्रिक, खाली टोकांना चेंडू लावलेल्या आडव्या काड्या बांधून. सोयाबीन निघून रान मोकळं झालं की सकाळी वारं उठायच्या आत उडवायचं. आधी शेपूट आपल्याकडे, मग आडवं, मग नाक आपल्याकडे. तसं नाक आपल्याकडे ठेवून अख्खी बॅटरी संपेपर्यंत धरता आलं की नायट्रो घे म्हटलं, सुई बसवायला मी येतो.