राखण आणि मालकी

एखादी वस्तू विकत घेतली अथवा भेट मिळाली की ती आपली झाली, असे आपण सहज म्हणतो. परंतु या ‘आपली’ शब्दात हक्क किती आणि कर्तव्य किती, याचा विचार क्वचितच होतो. आम्हाला तो करावा लागला एका सायकलीमुळे.

वसईकडील एका आप्ताने आपली विजेवर चालणारी, जाड टायरांची डोंगरी सायकल आम्हाला दिली. बीड जिल्ह्यातील तलवाड्याच्या शिवारात पाणंदी खडबडीत, आणि त्वरिता देवीच्या टेकडीसारखा चढ पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना मानवत नाही. पायडल मारले की मोटार साथ देते. वारा समोरून असला तरी दम लागत नाही. मोटार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर आपला कायदा अशा सायकलीला मोटार वाहन मानत नाही. म्हणून परवाना लागत नाही, नोंदणीही नाही.

परवाना लागत नसला तरी पथ्य लागते. पावसाळ्यात काळी माती चाकांना लगडते. ती हाताने काढून साखळी पुसावी, तेल द्यावे, पण मोटारीवर पाण्याचा फवारा मारू नये. वजन अधिक असल्याने ब्रेक लवकर झिजतात. बाभळीचा काटा तर नेहमीचाच. बॅटरीचे लाड याहून अधिक: उन्हातून आणताच चार्जिंगला लावू नये, वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये, पूर्ण रिकामी करून आठवडेच्या आठवडे टाकू नये. ती निकामी झाली तर सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागतो. पंक्चर गावात निघते. मोटारीच्या बंद डबीत बिघाड झाला तर मात्र पुण्या-मुंबईकडे बघावे लागते. जी वस्तू आपल्याला उघडताही येत नाही, तिचे आपण मालक कसले?

या लाडांतूनच आमच्या हातून एक चूक घडली. एका संध्याकाळी शेजारचे एक ऊसतोड कामगार दाराशी आले. म्हणाले, “फादर, पोरीला ताप हाय. औषध आणाया सायकल देता का?” आम्ही म्हणालो, “बाबा, बॅटरी उतरली आहे हो.” ते “बरं” म्हणून पायी निघाले. आत चार्जरचा हिरवा दिवा जळत होता. बॅटरी भरलेली होती.

मुलीचा ताप दोन दिवसांनी उतरला. आमचा मात्र उतरला नाही. आम्ही खोटे का बोललो? सायकल खराब होईल या भीतीने. म्हणजे जिची राखण आम्ही करीत होतो, तीच आमच्या जिभेवर राखण करू लागली होती.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाची उकल केली आहे. वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार माणसाला व्यक्तिशः आहे, कारण जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. परंतु तिचा उपयोग करताना गरजवंताचा वाटा तीत आहे, हे त्याने मानले पाहिजे. कोणी म्हणेल, न शिकवता वस्तू दिली तर ती मोडेल, आणि मोडलेली वस्तू कोणाच्याच कामाची नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर नकार नव्हे. त्याचे उत्तर शिकवणे आहे. राखण ही उपयोगासाठी असते. उपयोगावाचून केलेली राखण म्हणजे लोभच, फक्त नीटनेटका.

हा हिशेब आमच्या दारापुरताही संपत नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या अनेक प्रकारांत कोबाल्ट लागतो, आणि जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो; तेथील हातखाणींत मुलेही राबल्याचे उघड झाले आहे. जी वस्तू परक्या घामातून आली, ती लवकर मोडू न देणे हेही त्या घामाचे ऋण फेडणेच होय. आणि अखेर ती मेली की भंगारवाल्याच्या पोत्यात जाता कामा नये. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे आपले काम.

आम्ही त्या शेजाऱ्यांकडे जाऊन खरे काय ते सांगितले. ते काही क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, “चालायचंच, फादर.” त्यांचे ते वाक्य आम्हाला रागापेक्षा जड गेले. पुढच्या रविवारी दुपारी त्यांना व गल्लीतील दोघा तरुणांना ब्रेक, साखळी आणि चार्जिंग समजावून दिले. आता सायकलीची किल्ली दाराच्या आत नव्हे, दाराबाहेरच्या खिळ्याला असते. टायर एकदा फाटला, मडगार्ड वाकले. सायकल मात्र आता कुठे आमची झाली, असे वाटते.