दुसऱ्याचे चित्र, आपली वही

लहान मुलास छायाचित्रण शिकविणे आता कठीण राहिलेले नाही. उजेड कोणत्या बाजूने घ्यावा, चौकटीत काय ठेवावे, चित्रे कागदावर चिकटवून पाने दोऱ्याने कशी शिवावीत, हे चार दिवसांत हाती बसते. परंतु ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याच्याशी आपले नाते कोणते, हा प्रश्न पहिल्याच धड्यात उभा राहतो. आणि शिक्षकाने तो टाळला तर बाकीचे शिक्षण केवळ हस्तकौशल्य ठरते.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्गही सुरू झाला. पुढे १८६३ ते १८६६ या काळात विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींचा सचित्र ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातील कित्येक माणसे एके ठिकाणी टिपलेली, तर त्यांच्या पाठीमागचे देखावे दुसरीकडचे, मागाहून जोडलेले आहेत. हात कुशल होता, यात शंका नाही. तथापि त्या ग्रंथात माणूस येतो तो जातीचा नमुना म्हणून.

आता असे समजा की, भाईंदरच्या एखाद्या इमारतीत राहणारे दहा वर्षांचे मूल उत्तनच्या किनाऱ्यावर गेले आहे. बांबूंवर बोंबील वाळत आहेत आणि एक बाई ते उलथीत आहे. मुलाने चित्र घेतले, वहीत चिकटविले व खाली लिहिले, 'एक कोळीण'. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. परंतु त्या दोन शब्दांनी त्याने जॉन्सनचेच काम केले. तिचे नाव काय, हा माल कोणाचा, पाऊस आला तर काय होते, एवढे तरी विचारले असते तर तेच पान निराळे झाले असते.

यावर असा आक्षेप येईल की, विचारले म्हणजे माणूस पदर सावरतो, ताठ उभा राहतो. मग सहजता गेली आणि तिच्याबरोबर सत्यही गेले. आक्षेप पोकळ नाही. पण आपण कसे दिसावे ही इच्छा हेही माणसाचे सत्यच नव्हे काय? शिवाय मूल तासभर तेथे बसून राहिले तर बाई आपल्या कामास लागते आणि सहजता परत येते. घाईने मिळविलेली सहजता ही पुष्कळदा चोरलेली असते.

म्हणून वही शिवण्यापूर्वी ती प्रथम त्या बाईस दाखवावी, आणि 'हे पान नको' असे म्हणण्याचा अधिकार तिला असावा, असे मला वाटते. सत्ताधाऱ्याचे गैरकृत्य उघड करणाऱ्यास ही अट लावता येणार नाही, हे खरे. परंतु शिकाऊ मुलासमोर सत्ताधारी नसतो, कामात गुंतलेला साधा माणूस असतो. या अटीची किंमत मोठी आहे. कदाचित सर्वांत सुरेख चित्रच गाळावे लागेल आणि मूल हिरमुसेल. शिक्षकाने तेव्हा त्याची समजूत घालावी, पण पान परत लावू नये. चांगले चित्र पुन्हा मिळू शकते. दुसऱ्याच्या नकाराचा मान राखण्याची सवय मात्र त्या वयातच लागली तर लागते.