तिसरे नाव

यंदाच्या पितृपक्षात मी प्रथमच पाटावर बसलो. वडिलांना जाऊन वर्ष उलटले होते आणि थोरला मुलगा म्हणून ते काम आता माझ्याकडे आले होते. कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात दर्भ, तीळ, पंचपात्री अशी मांडामांड झाल्यावर गुरुजींनी नावे विचारली. वडील, आजोबा, पणजोबा. मी सांगितली. गोत्र विचारले, तेही सांगितले : कश्यप. कुठेही अडखळलो नाही; आणि संध्याकाळी ध्यानात आले की, न अडखळणे हेच नवलाचे होते.

कारण वडील दरवर्षी अडखळत. आपल्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव ते खणखणीत घेत, आणि तिसऱ्या नावाशी त्यांचा आवाज एकदम खाली येई. लहानपणी मला वाटे, हा विधीचाच भाग असावा. आता आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाव नव्हतंच रे. त्या जागी ते गावच्या भैरवनाथाचं नाव घ्यायचे. मामंजींनी तसंच शिकवलं होतं त्यांना." आमचे गोत्र कश्यप का, याचाही उलगडा तेव्हाच झाला. ज्याला आपले गोत्र ठाऊक नाही त्याने कश्यप म्हणावे, अशी रीत आहे.

माझे पणजोबा 1890 च्या सुमारास जन्मले, तेव्हा त्यांच्या आईला वैधव्य येऊन चार वर्षे झाली होती. मामाने त्यांना वाढवले; आम्ही लावतो ते आडनावही मामाचेच. वडील गेले आणि ती कोरी जागा एक पायरी वर सरकून यादीबाहेर पडली. श्राद्धाला तीनच पिढ्या लागतात. चौथीला कोणी विचारत नाही. हा डाग पुसण्यासाठी आमच्या घराण्याला काही करावे लागले नाही, फक्त मरत राहावे लागले.

गोष्ट इथेच मिटली असती. परंतु माझ्या धाकट्या चुलतभावाला वंशावळीचा नाद आहे. तो नाशिकला जाऊन आला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावावार, आडनावावार वह्या असतात. यात्रेला आलेला माणूस आपले, बापाचे, आजाचे, मुलांचे नाव त्यांत नोंदवून सही करतो. आमच्या आडनावाच्या वहीत एक मोडी नोंद निघाली. पणजोबा आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. त्यांचे नाव आहे, दोन मुलांची नावे आहेत. बापाच्या जागी आईचे नाव आहे आणि त्यामागे 'मातोश्री'.

भावाचे समाधान झाले नाही. तो म्हणाला, "दादा, आता लाळेची तपासणी करता येते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्या घराण्यातल्या कुणीही तपासणी केलेली असली, तर जुळेल. करू का?" तसे पाहिले तर त्याला माझ्या परवानगीचे कारण नव्हते. आम्ही सख्खे चुलतभाऊ. त्याच्या लाळेत जे आहे तेच माझ्या. तरी त्याने विचारले. मला उत्तर सुचले नाही, आणि म्हणून हे लिहायला बसलो.

पहिली शंका मला 'अज्ञात' या शब्दाचीच येते. पन्नास उंबऱ्यांच्या गावात बाप अज्ञात कुणाला होता? आईला ठाऊक होते, त्याला स्वतःला ठाऊक होते, आणि बहुधा पाणवठ्यावरच्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. अज्ञान फक्त कागदाला होते. माणसांना माहीत असलेली गोष्ट कागदाला माहीत नसते, तेव्हा ती हरवलेली नसते. ती राखलेली असते.

कुणासाठी राखलेली, हे पाहायला पुण्यातलाच एक कागद पुरेसा आहे. जोतीराव फुल्यांनी 1884 साली सक्तीच्या वैधव्यावर एक टिपण लिहिले. त्यात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेची हकीकत आहे. फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे ती स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवाने तिला नादी लावले. मूल झाले, लाजेने तिने ते मारून विहिरीत टाकले आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिपणात बाईचे नाव आहे, मालकाचे नाव आहे. शास्त्रीबुवा नुसते शास्त्रीबुवा आहेत. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अशाच गुन्ह्यासाठी आधी फाशी फर्मावली गेली. त्या प्रकरणावरून उठलेल्या गदारोळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारले की, सारा दोष बाईच्याच माथी का. तो प्रश्न अजून जुना झालेला नाही.

तेव्हा मौन फोडावे, असे मन म्हणते. परंतु त्याच टिपणात दुसरी बाजूही आहे. काशीबाईच्या प्रकरणानंतर 1863 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, असे आवाहन होते. बापाचे नाव सांगण्याची अट असती, तर त्या दारात किती जणी आल्या असत्या? टिपण लिहीपर्यंत पस्तीस आल्या होत्या. मुले पाच जगली. बाकीची, गर्भ पाडण्यासाठी पोटात घेतलेल्या विषारी औषधांनी आधीच घायाळ झाली होती. जगलेल्या मुलांची किंमतच ही कोरी जागा होती. याच गृहात जन्मलेल्या यशवंताला त्या दोघांनी दत्तक घेतले, डॉक्टर केले. 1897 च्या प्लेगात तो आईबरोबर रोग्यांची शुश्रूषा करीत होता. त्याचा बाप कोण, असे विचारले तर मी जोतीराव म्हणेन आणि त्यात काही चुकते आहे असे मला वाटत नाही.

शिवाय शोधणाऱ्याच्या मनाचाही भरवसा नाही. माझ्या भावाला बाप सापडावा असे वाटते तो वाड्यातला. गोठ्यातला गडी सापडला तर तो ही वंशावळ चौकटीत लावील का? आपल्याकडे अशा संततीला 'अक्करमासे' म्हणत. तोळा बारा माशांचा. हे अकराच माशांचे. एक मासा कमी. तो मासा आता मोठ्या घराण्याच्या नावाने भरून काढायचा, म्हणजे ज्या तराजूने आपल्याला कमी ठरवले त्याच तराजूत पुन्हा जाऊन बसायचे. आणि विज्ञानालाही इथे मर्यादा आहे : ते गुणसूत्र त्या माणसात, त्याच्या भावांत आणि चुलत्यांत एकच असते. घराणे कळेल; माणूस कळेलच असे नाही. मग एकाच्या भित्रेपणाचा आळ साऱ्या घरावर.

तथापि 'त्या काळी इलाजच नव्हता' हे समर्थन मला मान्य नाही. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. पणजोबा जन्मले तेव्हा तो होऊन पस्तीसेक वर्षे झाली होती. तो गृहस्थ आधीच विवाहित असेल, तर हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करायला तेव्हा कायद्याची बंदी नव्हती. मुंबई प्रांतात ती 1946 साली आली. जातीची अडचण असेल, तर ती खरीच मोठी. पण सजातीय असेल, तर कायद्याचे दार उघडे होते. उंबरा तेवढा ओलांडला नाही. ज्या रस्त्यावरून मी रोज शाळेत जातो त्याला धोंडो केशव कर्व्यांचे नाव आहे. त्यांनी 1893 साली विधवेशी लग्न केले आणि मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. किंमत मोठी होती, पण देता येत होती.

शेवटी मी भावाला म्हणालो, "तपासणी कर. फक्त नाव मिळाले तर ते झाडाच्या मुळाशी लिहू नकोस. बाजूला लिही, आणि पुढे लिही की यांनी नाव दिले नाही. घराणेच कळले, माणूस कळला नाही, तर काहीच लिहू नकोस." तो म्हणाला, "मग मुळाशी काय लिहू?" मी म्हणालो, "नाशिकच्या वहीत आहे ते."

महाराष्ट्र सरकारने नियम केला आहे की, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांत आधी आईचे नाव लागेल. ती मुले माझ्या वर्गात यायला अजून अवकाश आहे. पणजोबांनी मात्र तो नियम रामकुंडावर कुणाला न विचारता पाळला होता. लाजेने पाळला की अभिमानाने, हे मला सांगता येणार नाही.

एक गोष्ट मात्र मला सलत राहिली. चौथ्या पिढीच्या त्या माणसाबरोबर चौथ्या पिढीची ती बाईही यादीबाहेर गेली होती. सर्वपित्री अमावास्येला मी गुरुजींना म्हटले, "आणखी एक नाव घ्यायचे आहे." त्यांनी नाते विचारले. पणजोबांची आई, मी म्हणालो. त्यांनी नाव विचारले. मी मोठ्याने सांगितले.

"गोत्र?"

"कश्यप."

गुरुजींनी काही विचारले नाही. तीळ-पाणी सोडायला सांगितले.