उलटं केलं तरी तेच

१९६१ हे साल इंग्रजी आकड्यांत लिहा आणि कागद उलटा धरा. पुन्हा १९६१च. टोकांचे एक एकमेकांच्या जागी जातात, नवाचा सहा होतो, सहाचा नऊ. अमेरिकेतल्या ‘मॅड’ या विनोदी मासिकाने मार्च १९६१च्या मुखपृष्ठावर हीच गंमत मांडली होती. आधीचं असं साल १८८१ आणि पुढचं थेट ६००९. आपल्याकडे मात्र १९६१ म्हटलं की पुणेकराला पानशेत आठवतं आणि गोवेकराला मुक्ती.

इथे छापलेला आकडा फिरवून पाहू नका, फसाल. देवनागरी १९६१ उलटा केला की नुसती वळणं उरतात. खेळाचं मर्म तिथेच आहे. हा गुण संख्येचा नाही, तिच्या पेहरावाचा आहे. ६१९ ही मूळ संख्या. ती मोडीत लिहा, रोमन आकड्यांत लिहा, नाहीतर तेवढे खडे मोजून मांडा, तिचे सारखे वाटे पडायचे नाहीत. तीच उलटी धरली तरी ६१९ राहते, पण फक्त एका अंकलिपीत. त्या लिपीतही एक ते शंभरांत असे आकडे सहाच: १, ८, ११, ६९, ८८ आणि ९६. कॅल्क्युलेटरच्या काड्याकाड्यांच्या आकड्यांत २ आणि ५ही उलटे होऊन तसेच राहतात. म्हणून डिजिटल घड्याळातली २२:२२ ही वेळ पालथी घातली तरी बिघडत नाही. छापील २२ला ते जमत नाही. (ज्यांना आपण सर्रास इंग्रजी आकडे म्हणतो, ते राज्यघटनेच्या ३४३व्या कलमात भारतीय अंकांचंच आंतरराष्ट्रीय रूप म्हणून आले आहेत, हे जाता जाता.)

शब्दांत ही करामत आपसूक क्वचितच साधते. इंग्रजी ‘स्विम्स’ किंवा ‘नून’ मोठ्या अक्षरांत लिहिले की साधते. बाकीच्यांना वळवावं लागतं. अशा शब्दांचं स्कॉट किम यांचं पुस्तक ‘इन्व्हर्शन्स’ १९८१चं. डॅन ब्राउनच्या ‘एंजल्स अँड डीमन्स’साठी जॉन लँग्डन यांनी असे शब्द रेखाटले आणि कादंबरीच्या नायकाला त्यांचंच आडनाव मिळालं. या चित्रांना अ‍ॅम्बिग्रॅम म्हणतात. नीट पाहिलं तर त्यांत धड अक्षरं थोडीच असतात. एखादी दांडी उगाच लांबवलेली, एखादं वळण अर्ध्यात सोडलेलं. शब्द काय असणार हे ताडून डोळाच उरलेलं भरून घेतो. लबाडी आहे, पण उघड.

व्यवहाराला असली लबाडी परवडत नाही. हाऊजी खेळवणाऱ्याने ६८ची चकती उलटी धरली की तो ८९ पुकारणार आणि भांडण जुंपणार. म्हणून अशा आकड्यांखाली रेघ मारतात, पूलच्या सहा आणि नऊ नंबरच्या चेंडूंवरही. देवनागरी शब्दाला ती रेघ जन्मजात आहे, फक्त डोक्यावर. वर कुठलं आणि खाली कुठलं, हे शिरोरेखा आधीच सांगून टाकते. मराठी अ‍ॅम्बिग्रॅम करणाऱ्याची पंचाईत तीच: शब्द फिरवला की रेघ तळाला जाते, मग ती दोन्हीकडे ओढा नाहीतर गाळा.

आपण ही हौस अक्षरं फिरवून नाही, त्यांचा क्रम उलटून भागवली. ‘चिमा काय कामाची’ हे पोरांचं झालं. सोळाव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यातल्या पार्थपूरच्या सूर्य दैवज्ञाने संस्कृतात ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचलं: सुलट वाचलं तर राम, उलट वाचलं तर कृष्ण. हा गृहस्थ ज्योतिषी, ‘लीलावती’चा टीकाकार. आकडे आणि अक्षरं एकाच हाताने खेळवणारा.

देवनागरी आकड्यांत मला सगळ्यात भावतो तो ३६. तीन आणि सहा पाठीला पाठ लावून उभे. आरशात धरा, दोघांची अदलाबदल होते आणि पुन्हा ३६च दिसतो. उलटा केला तरी शेपट्या वर जातात एवढंच, पाठी काही सुटत नाहीत. छत्तीसच्या आकड्याची सगळी मौज या दोन पाठींत आहे आणि इंग्रजी आकड्यांतल्या छत्तीसला पाठीला पाठ नाही. तेव्हा इंग्रजी माध्यमातल्या नातवाला ‘त्यांचा छत्तीसचा आकडा आहे’ हे समजावायचं असेल, तर आधी कागद घ्या आणि ३६ देवनागरीत काढून दाखवा.