कारण सांपडत नाहीं तेव्हां

शास्त्रपाठ : लूक 13:1–5



आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत पीक-कापणीचा प्रयोग होतो, तेव्हां कोणत्या शेतांत माप घ्यावयाचें हें कोणाच्या मर्जीवर सोडलेलें नसतें. यदृच्छेनें निघालेल्या अंकावरून शेत ठरतें. क्रमांक निघाला म्हणून त्या धन्यास कोणी पापी किंवा पुण्यवान म्हणत नाहीं. परंतु धुऱ्याच्या अलीकडील हरभरा गारांनीं झोडपला व पलीकडील वांचला, कीं आपण म्हणतों, “त्यानें कांहींतरी केलें असेल!” असें मींहि बोललों आहें, त्याची मला लाज वाटते.

गणितशास्त्राची साक्ष ऐका. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर ह्यांनीं 1949 सालीं एक नवल दाखविलें. सर्व अंक सारखे नाहींत अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढता क्रम वजा करा. उत्तराचेंहि तसेंच करीत जा. अधिकांत अधिक सात वजाबाक्यांत 6174 येते. 3524 पासून 3087, मग 8352, मग 6174. जेथें गोंधळ दिसला तेथें नियम होता!

उलटपक्षीं, ग्रेगरी चायटिन ह्या गणितज्ञानें 1974 च्या निबंधांत दुसरी गोष्ट मांडली. जी अंकमाला तिच्याहून थोडक्यांत सांगतांच येत नाहीं, ती नियमहीन. बहुतेक माला अशाच असतात. तरी ठरीव गृहीतांवरून, एका मर्यादेपलीकडे, अमुक एक माला नियमहीन आहे असें सिद्ध करितां येत नाहीं.

ह्यानें देव सिद्ध होत नाहीं. आपली मर्यादा मात्र दिसते. अंकांपुढें बुद्धि थांबते, तर शेजाऱ्याच्या दुःखाचा हिशेब आपण कोणत्या तोंडानें मांडावा? शिलोहांतील बुरूज पडून अठरा जण मेले. ते इतरांहून अधिक अपराधी होते काय? प्रभूनें “नाहीं” म्हटलें, कारण सांगितलें नाहीं, आणि ऐकणाऱ्यांसच पश्चात्तापास बोलाविलें.

म्हणून ज्याचें पीक बुडालें त्याच्या ओसरीवर ह्याच आठवड्यांत जा. कारण नेऊं नका. ज्वारी न्या, बियाणें न्या, पेरणीस आपली बैलजोडी द्या. आणि पीक गमावलेल्या भावा, गारांच्या माऱ्यांत आपल्या पापाचा आंकडा शोधीत बसूं नको. बापानें तुला टाकिलेलें नाहीं. आमेन.