वैऱ्याच्या हाती

रणांगणावरील धैर्याची गोष्ट निघाली की आमच्या डोळ्यांपुढे चढाई येते, छातीवर झेललेली गोळी येते. इयान कार्डोझो यांच्या कथेतही रक्त आहे, खुकरी आहे आणि नेमका तोच भाग सर्वत्र रंगवून सांगितला जातो. आम्हांला मात्र त्यापुढचा भाग अधिक अस्वस्थ करतो.

१९७१ च्या युद्धकाळात मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेले मेजर कार्डोझो वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होते. त्यांच्या गुरखा पलटणीतील दुय्यम अधिकारी लढाईत पडला आणि त्याच्या जागी त्यांना धाडण्यात आले. जवानांच्या जिभेला 'कार्डोझो' हे नाव वळेना. ते 'कारतूस साहेब' झाले. डिसेंबरात पलटण हेलिकॉप्टरांतून सिल्हेटजवळ उतरली. बीबीसीने चुकून अख्खी ब्रिगेड उतरल्याची बातमी दिली. वैऱ्याचा तो समज टिकावा म्हणून मोजक्या जवानांनी लांबवर पसरून मोर्चे धरले.

शरणागती झाली आणि त्यानंतर त्यांचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हते. त्यांनी आपल्या जवानाला पाय तोडण्यास सांगितले. त्याचा हात धजेना. तेव्हा स्वतःच खुकरी घेऊन त्यांनी तो तोडला.

पुढे कळले की कैद्यांत एक पाकिस्तानी सर्जन आहे. कार्डोझोंनी नकार दिला. कमांडिंग ऑफिसरने समजूत घातल्यावर दोन अटींवर ते तयार झाले: पाकिस्तानी रक्त नको आणि शस्त्रक्रियेच्या वेळी कमांडिंग ऑफिसर समोर हवेत.

हा नकार स्वाभिमानाचा की द्वेषाचा? घरी खुर्चीत बसून निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्याने नुकतेच आपले सोबती मारले जाताना पाहिले, त्याचे मन आम्ही काय जाणावे! तरीही वाटते, स्वतःचा पाय तोडताना खुकरी निदान आपल्या मुठीत असते. वैऱ्याच्या सुरीखाली निपचित पडताना मुठीत काहीच उरत नाही. शूराला अधिक जड कोणते जात असेल? दयाळू शोमरोन्याची बोधकथा ऐकताना आपण स्वतःला कधी शोमरोनी समजतो, कधी वाट चुकवून गेलेला लेवी. रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाच्या जागी सहसा कोणी उभे राहत नाही. आपल्याला कोण उचलणार, हे त्या बिचाऱ्याला निवडता आले नव्हते. आमच्या गावांतही बांधाच्या भांडणापायी सख्ख्या भावाच्या हातचे पाणी नाकारणारे आजारी आम्ही पाहिले आहेत. तिथे तर युद्धही नव्हते.

कृत्रिम पायानिशी बटालियनचे नेतृत्व मिळावे म्हणून कार्डोझो पुढे झगडले. अखेर लष्करप्रमुख जनरल रैना यांनी परवानगी दिली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्वतः एक डोळा गमावला होता. पायदळाच्या बटालियनचे नेतृत्व करणारे कार्डोझो हे भारतीय लष्करातील पहिले युद्धअपंग अधिकारी ठरले.

आणि तो सर्जन? पराभूत सैन्यातला, जेत्यांच्या नजरेखाली हात स्थिर ठेवून त्याने जखम शिवली. मग हात धुऊन पुन्हा कैद्यांत जाऊन बसला असेल.